एक दिवा, सहा वस्तू : आतल्या खोलीतल्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

आतली खोली, १० बाय ११. खिडकी डक्टकडे उघडते, त्यामुळे भर दुपारीही तिथं संध्याकाळच असते. घर घेताना याच खोलीवरून बिल्डरशी घासाघीस केली होती. आता तोच अंधार कामाला आला.

ठरवलं ते असं: घरातल्या सहा वस्तू, प्रत्येकीचा एकच फोटो, आणि दिवाही एकच. दुसरा दिवा लावायचा मोह झाला की आधी पुठ्ठा, कागद, आरसा जे हाताशी असेल ते वापरून बघायचं. सगळं गणपतीच्या आत संपवायचं, कारण टेबल गणपतीचं आहे. चतुर्थी २७ ऑगस्टला.

सामान: सेकंडहॅण्ड कॅमेरा, ५० मिमीची लेन्स (माझ्या कॅमेऱ्यातल्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवर ती ७५-८० मिमीसारखी वागते, टेबलावरच्या वस्तूंना बरी पडते), ट्रायपॉड, क्लिपच्या होल्डरमध्ये २० वॉटचा एलईडी बल्ब. बटर पेपर, काळे कार्डशीट आणि पिवळा जिलेटीन पेपर काल ऑफिस सुटल्यावर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणले. थर्माकोल माळ्यावर होतंच. २०१८ च्या बंदीनंतर मखराचं थर्माकोल गेलं, पण वॉशिंग मशीनच्या खोक्यातून ते घरात येतच राहतं.

वस्तू: पितळी समई, तांब्याचा तांब्या, दगडी खलबत्ता, सरबताचा पेला, ढोबळी मिरची. सहावी अजून सुचलेली नाही.

८ जून, रविवार

समईपासून सुरुवात केली आणि तोंडावर आपटले.

बल्ब उजवीकडे, उघडाच, दीड फुटावर. फोटोत काय आलं? समईच्या बैठकीवर शेंगदाण्याएवढा पांढराफटक ठिपका, आणि बाकीचं पितळ काळंठिक्कर. त्या काळ्यात डोळे बारीक करून पाहिलं तर ट्रायपॉडचे तीन पाय, माझा लाल कुडता आणि दारात उभ्या असलेल्या सासूबाई.

"मी आलेय का गं यात?"

"आलाय, आई."

"मग सांगायचं तरी. पदर नीट घेतला असता."

नंतर बराच वेळ फोटो न काढता नुसती समईकडे बघत बसले. डोकं थोडं हलवलं की ठिपका सरकतो. दिवा जागचा हललेला नाही, समईही नाही, हलले फक्त मी. भाकरीवर किंवा कापडावर उजेड पडला की तो चहूकडे विखुरतो, म्हणून ती कुठूनही दिसतात. पितळावर उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परत फिरतो. परतीच्या वाटेवर लेन्स नसेल तर एवढा बल्ब लावूनही पितळाच्या लेखी अंधारच. थोडक्यात, मी समईचा फोटो काढतच नव्हते. समईला खोलीतलं जे काही दिसत होतं, त्याचा काढत होते. आणि समईला दिसत होता माझा पसारा.

१४ जून, शनिवार

डासांच्या जाळीची एक जुनी लाकडी चौकट गॅलरीत पडून होती, साधारण २ बाय ३ फूट. जाळी काढली, बटर पेपर ताणून लावला. ही चौकट समईच्या उजवीकडे अगदी खेटून, आणि बल्ब तिच्या मागे.

बल्ब कागदापासून दोन फूट मागे ठेवला तेव्हा अख्खा कागद सारखा उजळला. समईवर एक मोठा पांढरा पट्टा उमटला, चुन्याचा हात मारल्यासारखा. ठिपक्यापेक्षा बरा, पण सपाट. मग बल्ब पुढे आणत गेले. दीड फूट, एक फूट, सहा इंच. सहा इंचांवर कागद मध्यभागी तापल्यासारखा पांढरा आणि कडांकडे विझत गेलेला दिसू लागला. तसाच तो समईत उतरला: मध्ये पांढरा, मग पिवळा, मग मधाचा रंग, मग तपकिरी, आणि कडेला काळा. बैठकीला गोलाई आली. दिवा तोच, कागद तोच, बदललं फक्त दीड फुटाचं अंतर. याच्यासाठी मी आठवडाभर महागड्या सॉफ्टबॉक्सच्या (दिव्यावर लावून उजेड मऊ करणारा कापडी डबा) किमती बघत होते.

डावी कड मात्र मागच्या काळ्यात बुडून गेली. तिकडे थर्माकोलचा ताव उभा केला तर दुसरा जाडजूड पट्टा आला आणि दोन्ही पट्टे एकमेकांशी भांडायला लागले. थर्माकोल काढलं, दोन इंच रुंदीची पांढऱ्या कार्डाची पट्टी लावली. दांड्याच्या कडेला बोरूनं ओढल्यासारखी एक रेघ उमटली. पुरे.

माझा कुडता आणि ट्रायपॉड घालवायला काळ्या कार्डशीटला लेन्सएवढं भोक पाडलं आणि त्यातून लेन्स बाहेर काढली. आता समईला समोर फक्त काळं दिसतं.

लेन्सचं छिद्र बारीक (एफ/११), सेन्सरची संवेदनशीलता कमी (आयएसओ १००), शटर अर्धा सेकंद उघडं, दोन सेकंदांच्या टायमरवर. स्वस्त एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. सेकंदाच्या १/२०० भागात घेतलेल्या फोटोत त्याचे आडवे पट्टे आले होते. अर्ध्या सेकंदात अशा ५० लुकलुकी मावतात, त्यामुळे पट्टे नाहीत. घाई न केल्याचा एवढा तरी फायदा.

समईचा शेवटचा फोटो पेटत्या वातींसह घ्यायचा. खोबणीतला हिरवट कळंक आणि तेलाची पुटं मला तशीच हवी आहेत. दिव्याच्या अवसेपर्यंत ती बाजूला ठेवते.

२१ जून, शनिवार

पालख्या शहरात मुक्कामाला. पेठांकडे जायचा विचारही नको, म्हणून घरीच.

काळं कापड न लावता पांढरी भिंत काळी करता येते का, हे पाहिलं. येते. टेबल भिंतीपासून ओढलं, वस्तूच्या मागे भिंत ४ फूट राहिली. उघडा बल्ब वस्तूपासून १ फुटावर, म्हणजे भिंतीपासून ५. उजेड अंतराच्या वर्गानं कमी होतो, त्यामुळे वस्तूला जितका मिळतो त्याचा २५ वा हिस्सा भिंतीला. साडेचार स्टॉपहून जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). डिस्टेंपरची भिंत कोळशासारखी झाली. हाच बल्ब ४ फुटांवर नेला की वस्तूला ४, भिंतीला ८, फरक फक्त दोन स्टॉपचा, आणि भिंतीवरचा खिळासुद्धा दिसायला लागतो. मध्ये मोठा कागद आला की हे गणित इतकं काटेकोर राहत नाही, पण दिशा तीच.

२९ जून, रविवार

मिरचीचा दिवस.

अमेरिकेतल्या एडवर्ड वेस्टननं १९३० मध्ये ढोबळ्या मिरच्यांचे फोटो काढले. त्यातला ३० क्रमांकाचा जगभर गाजला. त्या मिरचीत पाठमोरं माणूस दिसतं, स्नायू दिसतात, वाटेल ते दिसतं. मला त्यातली एकच गोष्ट घ्यायची होती: मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात बसवलेली होती. आणि पत्र्याचं नरसाळं आमच्याकडे आहे! रेशनच्या रॉकेलच्या काळातलं, मोठ्या तोंडाचं. धुऊनधुऊन झालं तरी नाक जवळ नेलं की रॉकेल आहेच.

सकाळी मंडईत. गाळ्यावरच्या मावशींना म्हटलं, वाकड्या द्या. त्या म्हणाल्या, "ताई, लोक सरळ शोधतात." मग त्यांनाच गंमत वाटायला लागली आणि त्यांनी टोपल्याच्या तळातून एकेक काढून दाखवायला सुरुवात केली. चार घेतल्या. त्यातली एक अशी, की जणू कुणी ओढणी डोक्यावरून घेऊन गुडघ्यांत मान घालून बसलंय.

नरसाळं टेबलावर आडवं, तोंड कॅमेऱ्याकडे, मिरची तोंडाशी टेकवून. बल्ब वरून, थोडा मागे. वरचा उजेड मिरचीच्या पाठीवर पडतोच, पण खाली सांडलेला पत्र्यावर आपटून पोटाखालून, बाजूंनी परत येतो. दुसरा दिवा लावल्यासारखं वाटतं, आणि लावलेला नसतो. शिवाय मागचा उतरता पत्रा फोकसबाहेर जाऊन नुसता धूसर राखाडी होतो. कुठं टेबल संपलं आणि कुठं भिंत सुरू झाली ते कळतच नाही.

अडचण एकच, नरसाळ्याचा गंजलेला सांधा. तो बरोबर मिरचीच्या डोक्यामागे शेंडीसारखा उभा राहत होता. नरसाळं फिरवून सांधा खाली दडवला. पाण्याचे थेंब मारायचा विचार होता (निम्मं ग्लिसरीन, निम्मं पाणी, थेंब तासभर हलत नाहीत), मारलेही, आणि मिरची जाहिरातीतली दिसायला लागली. पुसून टाकले.

ही पाचांतली पहिली पूर्ण. ग्लिसरीन न लागलेल्या तीन मिरच्यांची रात्री पीठ पेरून भाजी केली. चौथीला नवऱ्यानं "मॉडेल" म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं आहे. सुरकुतेल तेव्हा बघू.

६ जुलै, रविवार

एकादशी. पेल्यात कोकम सरबत. समोरून उजेड दिला तर शाईची दौत. कागदाची चौकट थेट पेल्याच्या मागे उभी केली तर सरबत पेटलं, पण काचेच्या कडा काळ्या आल्या आणि पेला पुस्तकातल्या आकृतीसारखा झाला. मग उलट केलं: चौकटीच्या मध्यभागी काळं कार्ड चिकटवलं, कॅमेऱ्याला मागे फक्त काळं दिसेल एवढ्याच मापाचं. उजेड कार्डाच्या चारी बाजूंनी वळसा घालून येतो आणि काचेची कड पांढऱ्या तारेसारखी चमकते. पण आता सरबत पुन्हा काळं! तोडगा मिठाईच्या खोक्यात सापडला. आतला सोनेरी पुठ्ठा पेल्याच्या आकाराहून जरासा लहान कापला आणि पेल्यामागे तिरका टेकवला. वरून आलेला उजेड त्यानं सरबतातून पुढे ढकलला. लाल, आतून उजळलेलं.

बोटांचे ठसे पुसण्यात दिवसाचा निम्मा वेळ गेला. काचेला हात लावायचा तो रुमालानंच. सरबत शेवटी सासूबाई प्यायल्या, "पुठ्ठा लावला नव्हतास तेव्हाही हीच चव असणार" असं म्हणत.

१३ जुलै, रविवार

तांब्याच्या तांब्याचं बूड डुगडुगत होतं, म्हणून आधी कसब्यात तांबट आळीत. काम पाच मिनिटांचं, पण मी तासभर थांबले. मठारकाम चाललं होतं. हातोडीचा एकेक ठोका, शेजारी दुसरा, ओळ पुरी झाली की भांडं जरासं फिरवायचं. आवाजानं कान बधिर होतात. कारागिराच्या हातातल्या भांड्याकडे बघताना लक्षात आलं की दुकानातली ट्यूबलाइट त्याच्यावर एक नव्हती. प्रत्येक ठोक्यात एक, अशा शेकडो बारीक ट्यूबलाइटी, आणि भांडं फिरलं की सगळ्या एकदम सरकायच्या.

घरी येऊन आपल्या तांब्यावर तेच पाहिलं. भिंगातून बघितलं तर एकेका ठोक्यात माझी कागदाची चौकट, अगदी लाकडी पट्ट्यांसकट. प्रत्येक ठोका म्हणजे एक स्वतंत्र आरसा. म्हणूनच समईला लागू पडलेली मांडणी इथं फसली: मोठा कागद सगळ्या ठोक्यांत भरून राहिला, सगळेच पांढरे झाले आणि तांब्या गुळगुळीत दिसू लागला. इतका ठोकून घेतल्यावर गुळगुळीत!

कागदापुढे दोन काळी कार्डं लावली आणि मध्ये तीन इंचांची उभी फट ठेवली. आता ठोक्याठोक्यात एकच उभी रेघ आणि बाजूला काळोख. पोटावरच्या ओळी मोजता याव्यात इतक्या सुट्या झाल्या. फट दीड इंचावर आणून पाहिली, जास्त टोचायला लागलं. तीनच ठेवली.

२३ जुलै, बुधवार

घात.

उद्या दिव्याची अवस. ऑफिसमधून आले तर ओट्यावर सगळे दिवे ओळीनं पालथे. निरांजन, लामणदिवा, देवघरातला नंदादीप, आणि माझी समई. चिंच, पितांबरी, नारळाची शेंडी, आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर केलेल्या कामाचं समाधान. महिनाभर जपलेला कळंक मोरीतून वाहून गेला होता. समई आरशासारखी लखलखत होती, आणि त्या आरशात माझा चेहरा मला स्पष्ट दिसत होता.

बोलायची सोय नाही. अवसेच्या आदल्या दिवशी दिवे घासू नका, असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

२४ जुलै, गुरुवार

अर्धी रजा. सकाळी पाटावर रांगोळी, त्यावर सगळे दिवे, शेजारी गूळ घातलेल्या कणकेचे दिवे. पूजा आटोपली आणि दहाच्या सुमारास वीज गेली. गुरुवार, देखभालीचा. बल्ब गेला म्हणून चरफडत आतल्या खोलीत समई नेली, वाती लावल्या आणि थबकले. ज्योत सरळ उभी होती. एरवी पंखा बंद केला तरी बाहेरच्या खोलीतल्या पंख्याची झुळूक दाराखालून येते आणि ज्योत मान हलवत राहते. आज घरातला एकही पंखा फिरत नव्हता.

मग बल्बऐवजी दोन सेलची बॅटरी, तिच्या तोंडावर पिवळा जिलेटीन. ज्योतीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा, बॅटरीचा पांढरा त्याच्या तिप्पट (आकडा जितका लहान, उजेड तितका केशरी; मोठा तितका निळसर). दोन्ही तसेच वापरले तर समई वरून केशरी आणि खालून निळी येते. (ज्योत धरली तर दोन दिवे झाले, असं नवऱ्यानं फोनवर सुनावलं. ज्योत ही वस्तू, दिवा नव्हे, असा निकाल मी दिला.)

खरी पंचाईत वेळेची. बॅटरीचा उजेड कागदातून समईच्या बैठकीवर पुरेसा पडायला १० सेकंद लागतात. ज्योतीला १ सेकंद बास. १० सेकंदांत ती लाडवाएवढा पांढरा गोळा होते. सोपा उपाय म्हणजे सेकंदभरानं ज्योत विझवायची आणि पुढचे नऊ सेकंद बॅटरी. मी ओठांचा चंबू केलाच होता.

"आज? आज दिवा फुंकतेस?"

सासूबाई दारात. त्यांचं बरोबर होतं. फुंकायचा नाही तर झाकायचा, आणि समईपाशी नाही झाकता येत, पण लेन्सपाशी येईल. काळं कार्ड हातात धरलं. शटर उघडलं, "एक" म्हणून होताच कार्ड लेन्सच्या पुढे वरून खाली आणलं, फ्रेमचा वरचा तिसरा हिस्सा झाकेल इतकंच, आणि पुढचे नऊ सेकंद ते जरा थरथरत ठेवलं, म्हणजे कार्डाची कड उमटत नाही. दुसऱ्या हातात बॅटरी. सेकंद मोजायला सासूबाई. त्यांचे सेकंद देवाच्या नावाचे असल्यामुळे जरा लांब निघाले, म्हणून बॅटरी थोडी मागे नेली.

चौदा प्रयत्न. नववा जमला. ज्योतीला आकार आहे, टोकाशी पिवळी, बुडाशी निळसर. आणि घासलेल्या पितळाच्या दांड्यावर, प्रत्येक कड्यात, एकेक छोटी ज्योत उभी आहे. कळंक असता तर ती दिसली नसती. हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

खलबत्ता. काळा पाषाण, आरसेगिरी नाही, म्हणून बरं वाटलं. खोली पूर्ण काळोखी, ३० सेकंद, एफ/११, बॅटरीला कार्डशीटची वीतभर नळी. दगडाला घासून जाईल असा, जवळजवळ आडवा उजेड कडेनं फिरवला, की टाकीचा एकेक घाव सावली टाकतो. समोरून मारला तर तोच दगड कोळशाच्या गोळ्यासारखा. बॅटरी सतत हलती हवी, थांबली की तिथं डाग. एकदा नळी चुकून लेन्सकडे वळली आणि फोटोत वीज पडली. अकरा काढले, अकरा वेगळे, आणि पाचवा पुन्हा काढता येणार नाही याची मला खात्री आहे.

१० ऑगस्ट, रविवार

सहावी वस्तू सापडली: भाकरी. खरं तर भाकरीवरचे ठिपके.

पुरणयंत्राची चकती धुताना ती दिव्यासमोर आली आणि ओट्यावर ठिपक्यांची रांगोळी पडली. आतल्या खोलीत बटर पेपरच्या चौकटीपुढे धरली तर काहीच नाही, नुसता पुसट उजेड. मोबाइलच्या टॉर्चसमोर धरली तर टाचणीनं टोचल्यासारखे स्वच्छ ठिपके. उगम जितका बारीक, सावली तितकी धारदार. एवढं माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली चकती ओट्यापासून हातभर वर धरली तर ठिपके गोल राहिले नाहीत, लांबट रेघा झाल्या, सगळ्या एकाच दिशेला. चकती फिरवली, रेघांची दिशा बदलली नाही. भोकं गोल, तरी रेघा! मग २६ डिसेंबर २०१९ चं ग्रहण आठवलं. सोसायटीतल्या झाडाखाली फरशीवर सगळ्या चंद्रकोरी पडल्या होत्या. भोकातून उतरते ती उगमाची आकृती, भोकाची नाही. त्या दिवशी सूर्य कोरीचा होता, इथं ट्यूब लांबट आहे.

फोटो टॉर्चनं काढला. ज्वारीची भाकरी, तिचे करपलेले पापुद्रे, आणि त्यावर तिरके ठिपके, जे फुगलेल्या भागावर ताणले जातात. या प्रकल्पात सगळ्यात कमी सामान लागलेला हाच, आणि मला सगळ्यात आवडलेलाही हाच.

१७ ऑगस्ट, रविवार

सहाही प्रिंट आल्या, आणि सगळ्या काळ्या. खलबत्ता तर शोधावा लागतो. चूक माझी. दिवसभर डीटीपी करणारी बाई मी, छापाईला येणाऱ्यांना हेच सांगते, आणि स्वतः मात्र काळोख्या खोलीत स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट करत बसले. स्क्रीन स्वतः उजळते, कागदाला दुसऱ्याचा उजेड लागतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणला, खोलीत दिवा लावला, सावल्या थोड्या उचलल्या आणि पुन्हा दिल्या.

२४ ऑगस्ट, रविवार

नव्या प्रिंट चांगल्या आल्या. मिरची आणि भाकरी फ्रेम करायची, बाकीच्या फायलीत.

टेबल बाहेरच्या खोलीत नेलं. कार्डशीट गुंडाळली, नरसाळं माळ्यावर, चकती पुरणयंत्रात. जाळीची चौकट गॅलरीत न्यायला उचलली तर सासूबाई म्हणाल्या, "ती राहू दे. गणपतीच्या मागे लावू. आणि दिवा सहा इंचांवरच ठेव गं, लांब नेलास की सपाट दिसतं."

बटर पेपर बदलायला हवा, दोन ठिकाणी तेल लागलंय. आणि मागे एलईडीच. माळ्यावरचा जुना हॅलोजन कुणी काढायला गेलं तर मी आधी लपवून ठेवते, सहा इंचांवर तो कागद जाळेल.